डबा फोडायचा कधी आणि हातानं भागवायचं कधी

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देते आहे. नाव अर्थातच नाही.)

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला सातपूरमध्ये दोन खोल्यांत राहतो. मिस्टर कंपनीत आहेत पण कॉन्ट्रॅक्टरकडून, हातात १७ हजार येतात, स्लिपवर १९ आहे पण काय काय कापतात. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, त्याचे तीन-साडेतीन हजार होतात. भाडं ४,५००. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. दीड वर्षापासून मी तांदळाच्या डब्यात अडीअडचणीसाठी पैसे टाकत होते, लाडक्या बहिणीचे आले की त्यातलेही थोडे. १२,६०० झाले होते. बाकी आम्ही सगळं घरीच भागवतो, बादलीला एमसील लावतो, मुलाच्या पँटची शिवण उसवून वाढवते, कुकरची रिंग सैल झाली की फ्रीझरमध्ये ठेवून चालवते, गॅसच्या पाइपचं टोक तडकलं होतं तर यांनी तेवढंच कापून परत बसवला, पंखा पण यांनीच दुरुस्त केला. ऑगस्टमध्ये मुलाला ताप आला. डॉक्टरकडे गेलं की तपासण्या लिहून देतात म्हणून चार दिवस घरीच ठेवला, मागचं औषध उरलेलं होतं ते दिलं, काढा दिला. मला डबा फोडायचा नव्हता, खरं तेच आहे. पाचव्या दिवशी तो उठेना, मग जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये नेला, डेंग्यू निघाला, चार दिवस ॲडमिट, बिल २१,४००. डबा रिकामा केला आणि गल्लीतल्या एका बाईंकडून ९,००० घेतले, महिना पाच टक्क्यांनी. मुलगा आता बरा आहे. पण हे म्हणतात एवढा पोटाला चिमटा काढून साठवलंस आणि शेवटी उसने घ्यावेच लागले, मग उपयोग काय, त्यापेक्षा पोरांना चांगलंचुंगलं खाऊ घातलं असतं. आणि मला रात्री झोप लागत नाही, की मी पैशासाठी पोराला चार दिवस तसंच ठेवलं. ताई, परत साठवायचं का, की जसं येईल तसं बघायचं?

*

अगं, तुला अगं-तुगं करते, राग मानू नको, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील.

आधी मुलाचं बोलू, कारण तुझी झोप त्यानं उडालीये, पैशानं नाही. तू पैशासाठी पोराला ठेवलंस असं मी म्हणणार नाही. डबा तू पोरांसाठीच भरत होतीस, आणि भरता भरता डबाच एवढा जीव लावून जपायला लागलीस की तो कुणासाठी होता ते त्या चार दिवसांत मागे पडलं. हे खूप जणींचं होतं, ज्यांनी एकेक नोट मोजून टाकलीये त्यांचंच जास्त होतं. दीड वर्षात १२,६०० म्हणजे महिन्याला सातशे, वीस हजारांच्या घरात सातशे बाजूला काढायचे म्हणजे काय ते मला कळतं, त्याला हात लावताना जीव वर येणारच.

पण एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. उरलेलं औषध परत कधी देऊ नको. डेंग्यूत काही तापाच्या-दुखण्याच्या गोळ्यांनी, म्हणजे आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन असल्या, रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, आणि त्या मागच्या बाटलीत काय होतं ते आपल्याला कुठे माहीत असतं. आणि डेंग्यूत ताप उतरायला लागतो तेव्हाच जास्त लक्ष ठेवायचं असतं, आपल्याला वाटतं उतरला, सुटलो, पण पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं हे सगळं त्याच दिवसांत दिसतं. तू पाचव्या दिवशी उचलून नेलंस आणि पोरगं बरं झालं. आता स्वतःला दोष देणं थांबव.

माझ्या आईचं सांगते. आम्ही कराडला होतो, आईकडे बँक नाही पोस्ट नाही, एक जुनी इरकल साडी होती ट्रंकेत, तिच्या पदराच्या गाठीत नोटा बांधलेल्या असायच्या. आम्हाला ती ट्रंक उघडायची परवानगी नव्हती. मी नववीत असताना रात्री अपेंडिक्सचं दुखणं उठलं, मी कळवळत होते आणि मला अजून दिसतं, आईनं कंदील जवळ घेतला, दातानं गाठ सोडली, कारण ती इतकी वर्षं आवळून आवळून दगडासारखी झालेली, आणि सगळ्या नोटा न मोजता बाबांच्या हातात दिल्या. न मोजता, हं. एरवी ती कोथिंबिरीच्या जुडीचे दहा पैसे सोडायची नाही. नंतर मी विचारलं, तुला काही वाटलं नाही का गं सगळे देताना, तर म्हणाली, "ती तुझ्यासाठीच होती की." एवढंच. पुढच्या महिन्यात परत गाठ.

आता तुझ्या मिस्टरांचा प्रश्न, उपयोग काय झाला. त्यांना हे आकडे दाखव. डबा नसता तर पूर्ण २१,४०० त्या बाईंकडून घ्यावे लागले असते, पाच टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज १,०७० रुपये. आता जातंय ४५०. म्हणजे तुझा डबा आज, रिकामा झाल्यावरसुद्धा, दर महिन्याला ६२० रुपये वाचवतोय. आणि त्या रात्री काउंटरवर डिपॉझिट भरायला पैसे हातात होते, लगेच कुणाच्या दारात जावं लागलं नाही, त्याची किंमत मी लावत नाही. तो पुरला नाही हे खरं आहे. पण अपुरा पडणं आणि उपयोग न होणं यात फरक आहे ना.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे तिथे मी थांबले. "काय काय कापतात." ती स्लिप आज रात्रीच काढून बघ. स्लिपवर १९ हजार आहे म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, बसता, मर्यादा महिना २१ हजार आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, १९ हजारांवर साधारण १४३ रुपये, आणि मालक वरून ३.२५ टक्के भरतो. कॉन्ट्रॅक्टरकडचा माणूस असला तरी हे लागू होतं. स्लिपवर ईएसआय किंवा ईएसआयसी असं लिहून तेवढी रक्कम दिसतीये का बघ. दिसली तर त्यांना एक विमा नंबर असणारच, आणि त्यावर ते, तू आणि दोन्ही मुलं, सगळ्यांचे उपचार होतात. आणि अगं, तुमच्या सातपूरलाच कामगार विम्याचं हॉस्पिटल आहे. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, ऑगस्ट गेला तो गेला, पण पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच कुठे जायचं ते ठरलेलं असू दे. कॉन्ट्रॅक्टरला पहचान कार्ड मागायचं, त्यात मुलांची नावं घातली आहेत का ते बघायचं, नसली तर घालून घ्यायची. कापतात पण भरत नाहीत असंही होतं काही ठिकाणी, म्हणून ईएसआयसीच्या साइटवर नंबर टाकून हप्ते जमा होतायत का ते मोबाइलवर तपासा, नाहीतर सरळ त्यांच्या ऑफिसात जा. मिस्टर स्वतः आजारी पडून घरी बसले तर त्या दिवसांचा साधारण ७० टक्के पगारही मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, त्याला काही दिवस हप्ते भरलेले असावे लागतात. हे १४३ रुपये तुमची सगळ्यात मोठी आणीबाणीची बचत आहे आणि ती तुम्ही दर महिन्याला भरताच आहात.

रेशन कार्ड आहे ना? मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, पण ती ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्याच हॉस्पिटलांत. ॲडमिट करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, इथे योजना चालते का, योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र कुठे बसतात. ऑपरेशन झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. आणि दोघांच्या खात्यातून वर्षाला २० रुपयांचा तो अपघाताचा विमा, सुरक्षा बिमा, तो चालू आहे का एवढं पासबुकात बघून ठेव, दोन लाखांचा असतो.

आता येते मुख्य गोष्टीवर. तुमच्या घरात दोन चांगल्या सवयी आहेत, साठवायची आणि हातानं भागवायची, आणि त्या दोन्ही एकमेकींना धरून चालत नाहीयेत. जिथे डबा उघडायला हवा होता तिथे तू हातानं भागवलंस. आणि जिथे हातानं भागवलंत तिथून वाचलेले पैसे डब्यात गेलेच नाहीत.

पंख्याचंच घे. मिस्टरांनी काय केलं असेल ते मला माहीत आहे, पंखा हळू फिरत होता, कपॅसिटर बदलला असणार. तो मिळतो साठ-सत्तर रुपयांना, माणूस बोलावला असता तर त्यानं अडीचशे-तीनशे घेतले असते. म्हणजे दोनशे वाचले. कुठे गेले ते दोनशे? तुला आठवणार नाही, त्यांनाही नाही, ते भाजीत गेले, रिचार्जमध्ये गेले. आपण म्हणतो वाचले, पण ते खर्चच झाले, फक्त दुसऱ्या दारानं. म्हणून माझं सांगणं आहे की ज्या दिवशी घरी काही दुरुस्त झालं त्याच संध्याकाळी, पंख्याखाली उभं राहून म्हण हवं तर, वाचलेल्यातले शंभर तरी डब्यात टाकायचे. पँटची शिवण वाढवली, नवी पँट ३५० ला आली असती, शंभर टाक. सगळे टाकायला जमणार नाही, मी घर चालवलंय, मला माहीत आहे. पण शंभर. मिस्टरांच्या हातानं टाकायला लाव, म्हणजे डबा एकट्या तुझा राहणार नाही, आणि "तू साठवलंस" च्या ऐवजी त्यांच्या तोंडी "आपण साठवलं" येईल. त्यांच्या हातात कसब आहे गं, त्याचं त्या घरात कौतुक व्हायला हवं, आणि ते डब्यात दिसलं की होतं.

आणि दुसरं, कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटव. त्यावर दोघांनी बसून लिहायचं की कुठे भागवाभागवी करायचीच नाही. शांतपणे, आत्ता, घरात कुणी आजारी नसताना, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. माझ्या मते त्यात मुलांचा ताप येतो, दोन दिवसांवर गेला की डॉक्टर, आणि लहान मूल मलूल असेल तर पहिल्याच दिवशी. गॅस येतो. गाडीचे ब्रेक आणि टायर येतात, मिस्टर अंबडला नाहीतर सातपूरला बाइकवरच जात असतील ना शिफ्टला. विजेचं मेन आणि उघड्या वायरी. कुकरची रिंग फ्रीझरमध्ये ठेवतेस ते दोन-चार वेळा ठीक आहे, पण त्याच्या झाकणावरची सेफ्टी वॉल्व्ह गेली की तिच्या जागी काहीही कोंबायचं नाही, नवीनच बसवायची, साठ-सत्तरला येते. या कागदावरचं काही आलं की डबा उघडायचा, विचारायचं नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही. तुम्ही आधीच ठरवलंय.

त्याच कागदाच्या मागे जे डब्यातून कधीच जाणार नाही ते लिहा. जूनमधल्या वह्या-दप्तर-युनिफॉर्म, दिवाळी, नणंदेच्या घरचा आहेर. हे सगळं महत्त्वाचंच आहे, पण ते अचानक येत नाही, कॅलेंडरवर छापून येतं. त्याला वेगळं पाकीट. तुझं शिलाईचं काम लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी वाढतं ना, त्या महिन्यांत साडेतीनच्या वर जे येईल ते त्या पाकिटात, आणि मग पावसाळ्यात काम बसलं तरी जीव टांगणीला लागत नाही. लाडक्या बहिणीचे पैसे कधी पुढे कधी मागे येतात, म्हणून त्यांच्या भरवशावर कुठलाही हप्ता बांधू नको, आले की डबा नाहीतर कर्ज, एवढंच.

कर्ज. हे मला सगळ्यात टोचतंय. पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे वाक्य मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखव. ४५० रुपये देऊन मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही, वीस महिन्यांत नऊ हजार व्याजाचेच जातील आणि नऊ हजार तसेच उभे. त्यामुळे आत्ता डबा भरायची घाई करू नको. डब्यात फक्त दोन हजार होऊ दे, रात्री रिक्षा, पहिली तपासणी, औषधं एवढ्यापुरते, आणि मग सगळा जोर कर्जावर.

आणि जमलं तर ते कर्ज स्वस्त करून घे. तुझ्याकडे कानातलं काही सोन्याचं आहे का? आजच्या भावात दोन ग्रॅमवरही नऊ हजार बसू शकतात आणि बँक वर्षाला साधारण ९ ते १२ टक्के व्याज लावते, म्हणजे महिन्याला नव्वदच्या आत. ४५० च्या जागी ९०, उरलेले ३६० दर महिन्याला मुद्दलात. सोनं गहाण ठेवायचं म्हटलं की आपल्याकडे बायकांना रडू येतं, मलाही आलं होतं एकदा, पण बँकेची पावती असते, वजन लिहिलेलं असतं, आणि फेडलं की वस्तू परत. फक्त मुदत चुकवायची नाही, नाहीतर लिलावात जातं. सोनं नसेल तर गल्लीत बचत गट आहे का बघ, बऱ्याच गटांत आतलं कर्ज महिना एक-दोन टक्क्यांनी मिळतं, दोननं धरलं तरी १८० होतात. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲप मात्र उघडूही नको, फोनमधले सगळे नंबर घेतात आणि नंतर नातेवाइकांना फोन करून अब्रू काढतात, माझ्याकडे अशी पत्रं येतात आणि ती वाचवत नाहीत. त्या गल्लीतल्या बाईंशी भांडू नको, वेळेला त्या उभ्या राहिल्या, पण त्यांचे पैसे लवकरात लवकर एकरकमी देऊन मोकळी हो.

कर्ज फिटलं की डबा परत. लोक सांगतात तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, तुमच्या घरात तो आकडा साठ हजारांच्या वर जातो आणि ऐकूनच माणूस सोडून देतो, म्हणून तो आत्ता डोक्यातून काढून टाक. आधी दोन हजार. मग एक महिन्याचं भाडं आणि रेशन, म्हणजे दहा-एक हजार, तिथवर तू एकदा गेलेलीच आहेस. तिथे पोचलीस की मला परत लिही, पुढचं पुढे.

पण या वेळी सगळं तांदळात नको. दोन हजार रोख घरात, बाकीचे पोस्टाच्या बचत खात्यात, ५०० रुपयांत उघडतं, आणि त्या खात्याला मोबाइलचं पेमेंट जोडायचं नाही, म्हणजे दूधवाल्याला, किराणावाल्याला नकळत जात नाहीत. पोस्टातली बाई तुला आरडी घे म्हणेल, शंभर रुपयांपासून होते आणि चांगली आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, त्यामुळे ती मुलीच्या नावानं नंतर कधीतरी. भिशीचंही तसंच, मैत्रिणींच्या संगतीत पैसे जमतात हे खरं, पण नंबर लागेल तेव्हा लागणार, ताप काही नंबर बघून येत नाही.

खाण्याचं मिस्टर म्हणाले ते मी विसरले नाहीये. त्यांचं त्यात चुकलेलं नाही. मुलांच्या तोंडचं काढून डबा भरायचा नाही, अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे याला कात्री लावून वाचलेले सातशे मला नकोत, त्यापेक्षा चारशे टाक. हे त्यांना माझ्याकडून सांग, त्यांना बरं वाटेल, आणि त्यांचं ऐकलंस असं त्यांना दिसलं की स्लिप काढून बसायलाही ते तयार होतील.

सोमवारी कॉन्ट्रॅक्टरकडे कार्डाचं विचारायचं. पण त्याच्याही आधी, हे वाचून झालं की उठ आणि गॅसची नळी बघ. टोक तडकलं होतं म्हणजे सगळी नळीच जुनी झालीये, टोक कापून बाकीचं रबर काही नवं होत नाही. नारिंगी नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षांच्या वर गेलं असेल तर ती संपली. एजन्सीत नवी दोनशेच्या आसपास मिळते. बिल भरून तुझ्याकडे २०० उरले ना, ते तिथे घाल. आणि नवी येईपर्यंत रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करून झोप, वास आला तर १९०६ ला फोन कर, मिस्टरांना पाना घेऊन बसू देऊ नको.